मूळचा ट्राउट वाचवताना सरकारी यंत्रणांनी एकमेकींना काय द्यावे लागते

प्रश्न थोडक्यात असा आहे. पश्चिम अमेरिकेतील डोंगराळ ओढ्यांमधला मूळचा ट्राउट, म्हणजे थंड, वाहत्या गोड्या पाण्यातला एक मासा, वाचवण्यासाठी केंद्रीय खाती, राज्यांची मत्स्यखाती आणि आदिवासी जमातींची सरकारे एकत्र काम करतात असे वाचनात येते. हे सहकार्य प्रत्यक्षात कसे चालते, त्याने मासा खरोखर वाचतो का, आणि त्यातले काही आपल्या नद्यांना लागू पडते का? गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनाच्या कामात बरीच वर्षे घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, सहकार्याकडे अधिकाऱ्यांच्या सद्भावनेचा प्रश्न म्हणून पाहिले की उत्तर चुकते. मासा एकाच्या अखत्यारीत, जमीन दुसऱ्याच्या, पाणी तिसऱ्याच्या आणि पाण्यात टाकायचे औषध चौथ्याच्या परवानगीचे, अशी स्थिती असते. तिथे प्रत्येक यंत्रणेने आपल्या एकटीच्या हातातला कोणता अधिकार, किती वर्षांसाठी आणि कोणत्या अटीवर सामाईक कामाला जोडला हे लेखी ठरलेले असावे लागते. जिथे ते ठरले तिथे मासा टिकला. जिथे केवळ बैठका झाल्या तिथे केवळ इतिवृत्ते टिकली.

अधिकारांची ही वाटणी आधी समजून घ्यावी लागेल. अमेरिकेत सर्वसाधारणपणे मासे आणि वन्यजीव यांचे व्यवस्थापन राज्य सरकारे करतात. परवाना कोणाला द्यायचा, किती मासे धरू द्यायचे, कोणत्या तळ्यात कोणती बोटुकली (बोटभर लांबीची माशांची पिल्ले) सोडायची, हे राज्याचे मत्स्यखाते ठरवते. परंतु मूळचा ट्राउट आज ज्या थंड, उगमाजवळच्या ओढ्यांत उरला आहे ते ओढे बहुतांशी केंद्राच्या वनसेवेच्या जमिनीवर किंवा आदिवासी राखीव क्षेत्रांत आहेत, आणि राखीव क्षेत्रात जमातीचे स्वतःचे सरकार असते. एखादी जात १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली आली की केंद्राची मत्स्य व वन्यजीव सेवा मध्ये येते. पाण्याचे हक्क राज्याच्या वेगळ्या कायद्याने ठरतात आणि ते बहुधा खालच्या शेतकऱ्यांकडे व शहरांकडे असतात. भारतीय वाचकाला यात फार नवल वाटू नये. आपल्या राज्यघटनेतही मत्स्यव्यवसाय आणि पाणी हे राज्यसूचीतले विषय आहेत, वने १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आहेत, आणि आंतरराज्य नद्यांचे नियमन केंद्राकडे जाऊ शकते. मासा मात्र यातली कोणतीच सूची वाचत नाही.

सहकार्य स्वतःहून चांगले असते हा समज दूर करण्यासाठी १९६२ ची एक घटना सांगणे आवश्यक आहे. ग्रीन नदीवर फ्लेमिंग गॉर्ज धरण पूर्ण होत आले होते आणि नव्या जलाशयात रेनबो ट्राउट सोडून मासेमारीचे पर्यटन वाढवायचे होते. त्यासाठी युटा आणि वायोमिंग या दोन राज्यांच्या खात्यांनी केंद्रीय यंत्रणेच्या साहाय्याने नदी व तिच्या उपनद्या मिळून सुमारे ७०० किलोमीटर प्रवाहात रोटेनोन हे मत्स्यविष सोडले, कारण तिथले मूळचे मासे त्या काळी ‘कचरा मासे’ समजले जात. विष खाली निष्प्रभ करण्याची व्यवस्था अपुरी ठरली आणि ते डायनोसॉर राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीतही पोहोचले. मारलेल्या माशांपैकी काही जाती पुढे केंद्राच्या संकटग्रस्त यादीत आल्या. या कामात यंत्रणांचा समन्वय उत्तम होता. निधी वेळेवर आला, माणसे ठरल्या जागी होती, राज्यांच्या सीमेची अडचण आली नाही. ज्या माशासाठी हे सगळे जुळून आले तो मासा त्या नदीचा नव्हता, इतकेच. म्हणून कोणताही आंतरविभागीय करार हाती आला की मी प्रथम उद्दिष्टाचा परिच्छेद वाचतो आणि स्वाक्षऱ्यांची पाने नंतर उलटतो.

आता यशस्वी झालेले उदाहरण घेऊ, आणि त्यावर थोडा वेळ थांबू. अपाची ट्राउट हा अ‍ॅरिझोनाच्या पूर्व भागातील व्हाइट माउंटन्समधला मासा आहे. सोनेरी पिवळसर अंग, त्यावर काळे ठिपके, आणि डोळ्यातून आडवी गेल्यासारखी दिसणारी काळी रेघ. व्हाइट, ब्लॅक आणि लिटल कोलोरॅडो या नद्यांच्या उगमाकडच्या शेकडो किलोमीटर ओढ्यांत तो एकेकाळी होता. मग गुरांच्या चराईने काठ खचले, वृक्षतोडीने सावली गेली, आणि सर्वांत घातक म्हणजे बाहेरून आणलेले ट्राउट आले. ब्राऊन ट्राउट मूळचा युरोपातला. तो अपाची ट्राउटची पिल्ले खातो. ब्रुक ट्राउट पूर्व अमेरिकेत मूळचा, पण पश्चिमेत परका. तो अन्न आणि जागा बळकावतो. रेनबो ट्राउट जवळच्या नात्यातला असल्याने अपाची ट्राउटशी संकर करतो, आणि होणारी संततीही प्रजननक्षम असते, त्यामुळे काही पिढ्यांत मूळची जात नुसती विरघळून जाते. ओढ्यात मासे दिसत राहतात, त्यामुळे हा ऱ्हास अप्रशिक्षित डोळ्यांना कळतही नाही.

या माशाच्या बचावाची सुरुवात वॉशिंग्टनमधून झाली नाही. केंद्राने ही जात १९६७ मध्ये, १९७३ च्या आधीच्या कायद्याखाली, संकटग्रस्त म्हणून नोंदवली. परंतु त्याच्या आधी, १९५० च्या दशकातच, व्हाइट माउंटन अपाची जमातीने आपल्या राखीव क्षेत्रातील महत्त्वाचे ओढे मासेमारीला बंद केले होते. विज्ञानात या माशाला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळाले ते १९७२ मध्ये. म्हणजे शास्त्रीय नाव आणि केंद्रीय संरक्षण या दोन्हींच्या आधी जमातीचा निर्णय होता, आणि शुद्ध वाणाचे जे मासे पुढच्या सर्व कामाचे बीज ठरले ते प्रामुख्याने या बंद ओढ्यांतून आले. नंतरच्या वाटाघाटींत जमातीला मिळालेले स्थान यामुळे सन्मानाखातर दिलेले नव्हते. तिच्याकडे मासा होता, जमीन होती आणि प्रवेश नाकारण्याचा अधिकारही होता.

१९७५ मध्ये या जातीचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून एक पायरी खाली, म्हणजे ‘धोक्यात’ असा करण्यात आला. बाहेरून पाहणाऱ्याला हे संरक्षण सैल करणे वाटेल. त्यातली मेख अशी की खालच्या दर्जाच्या जातीसाठी विशेष नियम करता येतो, आणि त्या नियमाने राज्याला ठरावीक पाण्यात या माशाची नियंत्रित मासेमारी चालू ठेवता आली. राखीव क्षेत्रातील केंद्रीय मत्स्यबीज केंद्रात तयार झालेला अपाची ट्राउट तळ्यांत सोडला जाऊ लागला. जमातीला परवान्यांचे उत्पन्न मिळाले. आणि गळ टाकणाऱ्या लोकांना हा मासा आपला वाटू लागला. राज्याचे मत्स्यखाते परवाना-शुल्कावर चालते, शिवाय १९५० च्या कायद्यानुसार मासेमारीच्या साहित्यावरील केंद्रीय कराचा वाटा त्याला मिळतो. अशा खात्याला केवळ बंदीच्या भाषेत सहकार्य मागितले, तर ते मनापासून मिळणार नाही. केंद्राने या ठिकाणी आपला कडक अधिकार थोडा सोडला आणि त्याच्या बदल्यात राज्याचा उत्साह मिळवला. हा व्यवहार मला संपूर्ण प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

पुनरुज्जीवनाचा पहिला आराखडा १९७९ मध्ये झाला आणि २००९ च्या सुधारित आराखड्याने उद्दिष्ट आकड्यात बांधले: ऐतिहासिक क्षेत्रात स्वतःच्या बळावर टिकणारे ३० स्वतंत्र समूह. ते पूर्ण झाल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये अपाची ट्राउटचे नाव केंद्रीय यादीतून काढण्यात आले. गळाने धरल्या जाणाऱ्या माशांपैकी पुनरुज्जीवनामुळे यादीबाहेर आलेला हा पहिलाच. मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्याच्या आधीची, २०२१ ची गोष्ट. जात यादीत असेपर्यंत वनसेवेला चराईचा परवाना किंवा वृक्षतोडीचा निर्णय घेताना मत्स्य व वन्यजीव सेवेशी विचारविनिमय करणे कायद्याने बंधनकारक असते. नाव यादीतून गेले की हे बंधन गळून पडते. म्हणून यादीतून काढण्याच्या आधीच जमात, राज्याचे खाते, वनसेवा, मत्स्य व वन्यजीव सेवा यांनी आणि ट्राउट अनलिमिटेड या स्वयंसेवी संघटनेने सहकारी व्यवस्थापनाची योजना मान्य केली, आणि पुढेही अडथळे कोण दुरुस्त करणार, परके मासे कोण काढणार, नमुने कोण घेणार हे त्यात आले. कायद्याने यादीबाहेर गेलेल्या जातीवर किमान पाच वर्षे देखरेख ठेवावी लागते. पण देखरेख म्हणजे दुरुस्ती नव्हे, आणि ओढ्यातला बंधारा देखरेखीने उभा राहत नाही.

बंधाऱ्यांचा उल्लेख आला आहे तर कामाची पद्धतही सांगतो. ओढ्याच्या खालच्या बाजूला असा अडथळा बांधायचा की परक्या माशाला उडी मारून वर जाता येऊ नये. अडथळ्याच्या वरच्या भागातील शुद्ध वाणाचे मासे आधी काढून सुरक्षित ठेवायचे, मग त्या भागात रोटेनोन सोडून उरलेले सर्व मासे मारायचे, खाली पोटॅशियम परमँगनेट मिसळून विष निष्प्रभ करायचे, तपासणीनंतर गरज असल्यास पुन्हा विष सोडायचे, आणि ओढा खरोखर रिकामा झाला याची खात्री झाल्यावरच मूळचे मासे परत सोडायचे. विहिरीत टाकायचे जांभळे औषध आपल्याला परिचित आहे. तेच इथे उताऱ्याचे काम करते. रोटेनोन काही वनस्पतींच्या मुळांत असते आणि कल्ल्यांवाटे शरीरात जाऊन पेशींचे श्वसन बंद पाडते. आपल्या डोंगरी भागांत गेळाची फळे कुटून डोहात टाकून मासे धरण्याची जुनी रीत आहे, त्यामुळे वनस्पतीच्या विषाने मासे मारणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. फरक मात्रेचा, परवानगीचा आणि नंतरच्या उताऱ्याचा आहे. जिथे विष वापरायला परवानगी नाही किंवा काठची वस्ती तयार नाही, तिथे पाण्यात नियंत्रित विद्युतप्रवाह सोडून मासे गुंगवून एकेक वेचून काढावे लागतात, आणि हे काम वर्षानुवर्षे चालते.

या एकाच कामात किती सह्या लागतात ते पाहा. बंधारा वनसेवेच्या जमिनीवर, म्हणून पर्यावरणीय आढावा तिचा. ओढा राष्ट्रीय रानक्षेत्रात, म्हणजे कायद्याने नैसर्गिक अवस्थेत राखलेल्या भागात, असेल तर यंत्रे आणि हेलिकॉप्टर वापरण्याची स्वतंत्र मंजुरी. रोटेनोन हे नोंदणीकृत कीटकनाशक, त्यामुळे त्याच्या वापराला संघराज्याचे आणि राज्याचे नियम. मासे मारण्याचा आणि सोडण्याचा अधिकार राज्याचा किंवा जमातीचा. यादीतील जातीला हात लावायचा तर मत्स्य व वन्यजीव सेवेचा परवाना. यातली एक सही एका उन्हाळ्याने लांबली तर काम एका वर्षाने लांबते, कारण उंचावरच्या ओढ्यांत प्रवाह कमी आणि वाट मोकळी असण्याचा काळ थोडा असतो. दरम्यान कोणी बादलीभर ब्रुक ट्राउट अडथळ्याच्या वर नेऊन सोडले, तर आधीचा सगळा खर्च पाण्यात जातो. सुरुवातीच्या काळात बांधलेले अनेक अडथळे जाळीत दगड भरून केलेले, म्हणजे आपण मृद्संधारणात ज्यांना गॅबियन बंधारे म्हणतो तसे होते. ते झिजले, पुरांनी खचले आणि परके मासे वर पोहोचले. बांधकामाला निधी मिळतो, फीत कापायला माणसे येतात. दुरुस्तीच्या शीर्षाखाली मात्र फारच थोडे उरते, आणि हे दुखणे कोणत्याही एका देशाचे नाही.

लोकांचा विरोधही गृहीत धरावा लागतो, आणि तो नेहमी अज्ञानातून येत नाही. कॅलिफोर्नियातील सिल्व्हर किंग ओढ्यातला पायूट कटथ्रोट हा अत्यंत छोट्या क्षेत्रातला ट्राउट. १९१२ मध्ये एका मेंढपाळाने काही मासे ल्युएलिन धबधब्याच्या वर नेऊन सोडले म्हणून तो वाचला, कारण धबधब्याखाली, त्याच्या मूळच्या जागी, परक्या ट्राउटशी झालेल्या संकराने तो नाहीसा झाला. त्याला मूळ जागी परत आणण्याची योजना न्यायालयीन आव्हानांमुळे वर्षानुवर्षे अडली. आक्षेप असा होता की रोटेनोन पाण्यातील कीटकांनाही मारते. आक्षेप निराधार नव्हता, आणि यंत्रणांना आपला अभ्यास अधिक नीट करावा लागला. अखेर २०१३ ते २०१५ या काळात विषप्रयोग झाले आणि २०१९ मध्ये मासा परत सोडला गेला. कामाच्या गतीवर चिडणाऱ्या सहकाऱ्यांना मी हेच सांगतो की, कीटकांचे सर्वेक्षण पहिल्याच वर्षी करा. ते कधीतरी करावेच लागते.

कोलोरॅडोतील ग्रीनबॅक कटथ्रोटचा प्रसंग वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा आहे. हा मासा नामशेष मानला गेला होता, मग १९५० च्या दशकात सापडला असे वाटले, आणि अनेक यंत्रणांनी मिळून कित्येक वर्षे तो नव्या ओढ्यांत सोडला. १९९४ मध्ये तो राज्यमासाही झाला. २००७ मधील आणि नंतर २०१२ मधील जनुकीय अभ्यासांनी, ज्यात संग्रहालयांत जपलेल्या एकोणिसाव्या शतकातील नमुन्यांचाही उपयोग झाला, असे दाखवले की यातले बहुतेक समूह दुसऱ्याच कटथ्रोटचे आहेत. साउथ प्लॅट खोऱ्याचा खरा ग्रीनबॅक केवळ एका ठिकाणी उरला होता, कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या बेअर क्रीकमध्ये. हा ओढा त्याच्या मूळ खोऱ्याच्या बाहेर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका हॉटेलचालकाने तिथे मासे आणून सोडले होते.

अशा वेळी यंत्रणा एकमेकींवर दोष ढकलतात असा सार्वत्रिक अनुभव आहे. इथे ते फारसे झाले नाही, आणि त्याचे कारण मला असे दिसते की कोणता मासा ‘मूळचा’ हे ठरवण्याचे काम कोणत्याही एका खात्याच्या अहवालावर सोडलेले नव्हते. माहिती सामाईक होती, म्हणून चूकही सामाईक झाली. वनसेवेने बेअर क्रीकच्या काठच्या वाटा हलवल्या. लेडव्हिल येथील केंद्रीय मत्स्यबीज केंद्रात आणि राज्याच्या माउंट शावानो केंद्रात पैदाशीचे मासे वाढवले गेले, आणि वाण अरुंद होऊ नये म्हणून ओढ्यातील रानटी नरांचे वीर्य नेऊन केंद्रातील अंडी फलित करण्यात आली. २०१४ मध्ये झिमरमन तळ्यात, नंतर हर्मन गल्चमध्ये बोटुकली सोडली गेली, आणि २०२२ मध्ये हर्मन गल्चमध्ये नैसर्गिक प्रजनन होत असल्याचे राज्याने जाहीर केले. दोन केंद्रे दोन वेगळ्या सरकारांची असणे हा विमाच होता, कारण एका केंद्रात रोग शिरला तरी वाण बुडत नाही.

वणव्याने सहकार्याची कसोटी सर्वांत लवकर लागते. अडथळ्याच्या वर एकटा पडलेला लहान समूह परक्या माशांपासून सुरक्षित असतो, पण आगीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात राखमिश्रित लोंढा आला की तो एका दुपारी नाहीसा होऊ शकतो, आणि खालून पुन्हा वर येणारे मासेही नसतात. २०११ च्या वॉलो वणव्याने व्हाइट माउंटन्समधील दोन हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र जाळले. पुढच्याच वर्षी न्यू मेक्सिकोतील व्हाइटवॉटर-बाल्डी वणव्यात गिला ट्राउटचे अनेक समूह गेले आणि काही ओढ्यांतून मासे तातडीने उचलून मत्स्यबीज केंद्रात न्यावे लागले. अशा वेळी परवानगीचे पत्र फिरवायला वेळ नसतो. कोणी कोणाला दूरध्वनी करायचा, टाक्यांची वाहने कोणाची, कोणत्या केंद्रात रोगतपासणीसाठी वेगळी जागा आहे, हे वणव्याआधी कागदावर असावे लागते. त्याच कारणाने अलीकडे लहान, तुटक समूहांऐवजी एकमेकांना जोडलेल्या मोठ्या ओढेजाळ्याकडे कल वाढला आहे. कोलोरॅडोतील कॅश ला पूद्र नदीच्या उगमाकडे वनसेवा, राष्ट्रीय उद्यान आणि राज्य मिळून साठ किलोमीटरच्या आसपास जोडलेला प्रवाह ग्रीनबॅकसाठी मोकळा करण्याचे काम हाती घेतले गेले, ते याच विचाराने.

महाराष्ट्राशी याचा संबंध ट्राउटमुळे नाही. भारतातले ट्राउट, काश्मीरमधले असोत की मुन्नारमधले, बाहेरून आणलेलेच आहेत. संबंध आहे तो महाशीर या आपल्या नद्यांतल्या माशामुळे. कर्नल साइक्स याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पाण्यातून जो महाशीर शास्त्रीय नावाने नोंदवला, तो निळसर परांचा दख्खनी महाशीर. लोणावळ्याजवळ १९७० च्या दशकापासून त्याचे मत्स्यबीज यशस्वीपणे तयार होऊ लागले, आणि संवर्धनाच्या चांगल्या हेतूने ते राज्याबाहेरही गेले. कावेरीतही ते सोडले गेले. तिथे मूळचा असलेला कुबडा महाशीर त्यानंतरच्या दशकांत झपाट्याने घटला. त्याला स्थिर शास्त्रीय ओळख मिळाली ती २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. त्याच्या ऱ्हासाला धरणे, वाळूउपसा आणि सुरुंगाने केलेली मासेमारी हीही कारणे आहेत, त्यामुळे सगळा भार बाहेरून आलेल्या महाशीरवर टाकणे अन्यायाचे होईल. पण आपल्या कृष्णा खोऱ्यात मूळचा असलेला मासा कावेरीत परका असतो, हे ब्रुक ट्राउटच्या उदाहरणावरून सहज कळावे.

म्हणून आपल्याकडे मत्स्यव्यवसाय विभाग, जलसंपदा विभाग, वन विभाग आणि जैवविविधता मंडळ यांच्यात महाशीरसाठी करार करायचा झाला, तर मी त्यात पुढील गोष्टी आग्रहाने घालेन. कोणतीही बोटुकली सोडण्याआधी त्या खोऱ्यातील माशांचे जनुकीय नमुने घेतले जातील आणि निकाल चारही विभागांना एकाच वेळी मिळेल. एका खोऱ्यातील मत्स्यबीज दुसऱ्या खोऱ्यात नेण्यास चौघांपैकी कोणीही एकटा परवानगी देणार नाही, पण रोखण्याचा अधिकार प्रत्येकाला राहील. जलसंपदा विभाग विणीच्या काळात धरणाखाली किती पाणी सोडेल याचा आकडा करारात असेल. ‘शक्य तितके’ हे शब्द नसतील. देवस्थानांच्या डोहांत गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेले महाशीर आहेत, जसे महाडजवळच्या वाळण कोंडीत. त्या गावांना करारात निमंत्रित म्हणून न बसवता पक्षकार म्हणून सही करू द्यावी, आणि त्यांच्या डोहातील मासा त्यांच्या संमतीशिवाय नमुन्यासाठीही उचलला जाऊ नये. निधीचा निम्मा भाग पहिल्या तीन वर्षांनंतरच्या कामांसाठी बाजूला ठेवलेला असावा. यातल्या जलसंपदा विभागाच्या कलमावर सर्वांत अधिक घासाघीस होईल, आणि वाटाघाटीची सुरुवात तिथूनच करावी, कारण पाणी सुटणार नसेल तर बाकीची कलमे लिहिण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही.